धागा : नुकसानीचं मॉडेल, आणि 'अननोन' लिहिलेला रकाना

तेरणाकाठचा (धागाकर्ता)

इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका रिइन्शुरन्सच्या बॅकऑफिसात कॅट मॉडेलिंग करतो. कॅट म्हणजे मांजर नव्हे, कॅटॅस्ट्रॉफी. विमा कंपनी आपला विमा उतरवते आणि तिचा विमा जे उतरवतात ते रिइन्शुरन्सवाले, त्यांना भूकंप, पूर, वादळ आलं तर एका फटक्यात किती पैसे जातील याचा अंदाज आधी लागतो, तो काढायचं काम. २०२५ च्या दिवाळीला गावी गेलतो, लोहारा तालुका, तर बप्पांनी विचारलं की तू नेमकं करतोस काय. सांगितलं. बप्पा म्हणले, "मग सप्टेंबरातला पूर काढला होतास का?" गप बसलो. दारातच सोयाबीन पसरलं होतं, काळं पडलेलं, वास येत होता.

तर बप्पांना जे धड सांगता आलं नाही ते इथं सांगून बघतो.

मॉडेल म्हणजे भविष्य नाही. अमुक तारखेला पूर येणार असं ते सांगत नाही, हे आधी डोक्यातून काढा. ते करतं काय तर कॉम्प्युटरमधे समजा दहा हजार वर्षं चालवून बघतं, खरी नाही, खोटी वर्षं, कुठल्या वर्षी काहीच नाही, कुठल्या वर्षी दोन पूर, कुठल्या वर्षी एक भूकंप, असं आजवरच्या नोंदी आणि शास्त्र यांच्या आधारानं. मग त्यातल्या प्रत्येक घटनेत कुठल्या ठिकाणी किती हलेल, किती पाणी चढेल ते काढायचं, याला हॅझर्ड म्हणतात. त्या ठिकाणी काय उभं आहे, घर, दुकान, गोदाम, किती किमतीचं, ते एक्स्पोजर. एवढं हललं किंवा एवढं पाणी चढलं तर त्या घराचं किती टक्के जाईल ते व्हल्नरेबिलिटी. शेवटी त्यातलं कंपनी किती देणार, मालक किती सोसणार, तो पैशाचा हिशोब. दहा हजार वर्षांचं नुकसान उतरत्या क्रमानं लावलं की शंभरावा आकडा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा होईल एवढं नुकसान. आणि सगळ्याची बेरीज करून दहा हजारानं भागलं की सरासरी वर्षाचं नुकसान, त्यावरून प्रीमियम ठरतो. खेळ एवढाच आहे, बाकी सगळं डेकोरेशन.

हा धंदा वाढला तो एका वादळामुळं. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडात घुसलं. तोवर कंपन्या मागच्या वीस-तीस वर्षांचे क्लेम बघून प्रीमियम ठरवायच्या, आणि त्या वर्षांत तिकडं मोठी वादळं कमी झालेली, मधल्या काळात किनाऱ्यावर घरं मात्र धडाधड उभी राहिलेली. कॅरन क्लार्क नावाच्या बाईंनी १९८७ ला बॉस्टनमधे अशी मॉडेलं विकणारी कंपनी काढली होती, त्यांना कुणी फार विचारत नव्हतं. वादळ येताच त्यांनी आकडा पाठवला की नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकतं. लोक हसले. शेवटी विम्याचं नुकसान साडेपंधरा अब्जाच्या घरात गेलं आणि अकरा विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर मॉडेलशिवाय कुणी पान हलवीना.

आता माझी खरी गोष्ट. मागं एक फाईल आली, ग्रामीण घरांच्या कर्जांची, त्यात आपल्याकडचे पिनकोड दिसले म्हणून जरा मन लावून बघायला लागलो. दर ओळीत पिनकोड, रक्कम, भिंत, छत, मजले, बांधकामाचं साल. भिंत : अननोन. छत : अननोन. साल : अननोन. खाली सरकत गेलो, हजारो ओळी, सगळीकडं अननोन. आणि पत्ता फक्त पिनकोड असला की सॉफ्टवेअर त्या पिनकोडच्या मधोमध ठिपका ठेवतं, तर एका पिनकोडची सगळी घरं साठवण तलावाच्या पाण्यात जाऊन बसली होती! पुराचं मॉडेल चालवल्यावर ती सगळी दरवर्षी बुडत होती. तो ठिपका मी हातानं उचलून गावठाणात ठेवला. पण भिंतीचं काय करू? अननोन असलं की मॉडेल सरासरी भिंत धरतं. सरासरी भिंत म्हणजे थोडी विटेची, थोडी आरसीसी, थोडी मातीची. अशी भिंत जगात कुठं नसते, निदान आमच्या गावात तरी नाही.

तर विचारायचं हे आहे : तुमच्या गावात कुणी मॉडेल करायला बसला तर त्याला कुठली गोष्ट कळणारच नाही असं तुम्हाला वाटतं?

---

एमएसईबी_गेली

छान लिहिलंय, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). एक बारीक शंका. आमच्याकडं शंभर वर्षांतला पूर २०२१ ला आलता, गुलाब वादळाच्या वेळी, मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडले होते. मग २०२५ ला परत आला. तुमचा शंभराचा पाढा जरा फास्ट आहे का?

---

तेरणाकाठचा

@एमएसईबी, हाहा. हे नावच वाईट ठेवलंय. शंभर वर्षांतला म्हणजे दर वर्षी शंभरात एक चिठ्ठी, आणि काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची. गेल्या वर्षी निघाली म्हणून यंदा निघणार नाही असं काही नाही. तीस वर्षांचं घराचं कर्ज धरा, तेवढ्यात एकदा तरी तो पूर बघायची शक्यता २६ टक्के येते. म्हणजे चारात एक. बँकेत कुणी हे सांगत नाही.

दुसरं असं की चिठ्ठ्याच बदलल्या असतील. जुन्या पावसाच्या नोंदीवरून काढलेला शंभराचा पूर आज पन्नासाचा झालेला असू शकतो.

---

गणितवाली_बाई

चिठ्ठीची उपमा चोरतेय, अकरावीच्या पोरांना सांगायला. एक भर घालते. विम्याचं गणित चालतं ते सगळ्यांचं एकदम बुडत नाही म्हणून. लातुरात मोटरसायकली चोरीला जातात त्या रोज वेगवेगळ्या गल्लीत, म्हणून हजार जणांच्या प्रीमियममधून पाच जणांची भरपाई होते. भूकंपात गल्लीच्या गल्ली जाते. तिथं हजार लोक गोळा केले काय अन् दहा हजार, सगळे एकाच बैलगाडीत बसलेले. म्हणून तो धोका दूरच्या कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागतो, जपानचा भूकंप आणि मराठवाड्याचा भूकंप एकाच दिवशी होणार नाहीत या भरवशावर.

---

५३_वं_गाव

माझी आयडी बघून बऱ्याच जणांना कळलं असेल. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी हलवली, आमचं त्यात नव्हतं. आम्हाला आहे तिथंच दुरुस्तीचे पैसे.

मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जनाची मिरवणूक, लेझीम खेळून पाय दुखत होते म्हणून मी घरी न जाता मित्रांबरोबर देवळाच्या पारावरच पडलो. पहाटे चारच्या आत, घड्याळात ३ वाजून ५६ मिनिटं असं नंतर सगळीकडं छापून आलं. आधी आवाज. ट्रक यावा तसा, पण जमिनीखालून. मग धुरळा, इतका की तोंडात माती. आमच्या घराचा पुढचा सोपा (ओसरी) तेवढा राहिला, आत आज्जी होती.

तुमच्या मॉडेलबद्दल सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या आदल्या दिवशी तुम्ही मॉडेल चालवलं असतं तर आमच्या तालुक्यासमोर काय आलं असतं? शून्य. त्या वेळच्या नकाशात आम्ही झोन एकमधे, म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या भागात. ६.२ चा धक्का, जवळपास दहा हजार माणसं. आणि खरं तर नोंद नव्हती असंही नाही, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसतच होते, लोक अंगणात झोपत होते. मग थंडी पडली, धक्के थांबले, लोक परत आत गेले.

---

तेरणाकाठचा

@५३, काय लिहू. आमच्या घरातलेही तिघं गेले, माझ्या जन्माच्या आधी.

तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. ज्या जमिनीत भूकंप क्वचित होतो तिथं शंभर-दोनशे वर्षांच्या नोंदी म्हणजे काहीच नाही. आता मॉडेलवाले अशा भागासाठी 'कुठंही होऊ शकतो' असा एक पसरलेला धोका धरतात, म्हणजे फॉल्ट (जमिनीखालची भेग) माहीत नसला तरी बारीक शक्यता सगळीकडं पेरतात. किल्लारीनंतरच ही अक्कल आली असं म्हणा. २००२ च्या नकाशात झोन एक काढूनच टाकला आणि हा भाग तीनमधे गेला.

---

सिव्हिल_काका

निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून सविस्तर. ६.२ हा काही राक्षसी भूकंप नाही. माणसं भूकंपानं मेली नाहीत, घरानं मेली. आपली जुनी भिंत आठवा. दोन-अडीच फूट रुंद, लांबून किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसतेच, बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिखल आणि कपऱ्या. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड कुणी घातलेला नसतो, कारण तेवढा लांब दगड घडवायला मजुरी लागते. हललं की पोळीचे पापुद्रे सुटावेत तशी भिंत दोन बाजूंना सुटते. वर माळवद, लाकडावर फूट-दीड फूट पांढरी माती, दर पावसाळ्याआधी गळतंय म्हणून अजून एक थर. आज्याच्या काळापासूनचे थर मोजले तर छतावर चार-पाच बैलगाड्या माती सहज.

आता गंमत बघा, त्याच भिंतीवर हलका पत्रा असता तर माणूस जखमी होऊन वाचला असता. म्हणजे व्हल्नरेबिलिटीचा सगळा खेळ 'छत' या एका रकान्यात. आणि धागाकर्ते म्हणतात तो रकाना अननोन!

माहिती अगदीच नाही असं नाही. जनगणनेत प्रत्येक घराची भिंत कशाची, छत कशाचं हे विचारतात. त्यावरून केंद्राच्या बीएमटीपीसी या संस्थेनं १९९७ ला देशाचा व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलस काढला, जिल्हावार तक्ते आहेत त्यात. पण जनगणना 'दगड' लिहून मोकळी होते. दगड सिमेंटात बसवलाय की चिखलात, हे बघायला भिंतीला हात लावावा लागतो.

---

बनीम_झाकणारा

तुमी सगळे शिकलेले लोक घराचं बोलायलाव, पिकाचं कोण बोलणार? आमचं एक्स्पोजर रानात असतं साहेब.

पीकविम्याचं बी मॉडेलच हाय की. उंबरठा उत्पन्न, म्हंजे ज्याच्या खाली पीक गेलं तरच पैसे मिळतात, ते कसं काढतात बगा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, सरासरी काढायची, त्याच्या सत्तर टक्के. समजायला आकडे धरतो. सोयाबीन हेक्टरी क्विंटल, १०, १२, ५, ९, ११, ४, १०. चांगली पाच म्हणजे १२, ११, १०, १०, ९, सरासरी १०.४, सत्तर टक्के ७.२८. यंदा महसूल मंडळात, म्हंजे काही गावांच्या गटात, पीक कापणी प्रयोगात (ठराविक रानातलं पीक कापून मोजतात, तोच आकडा सगळ्यांना) ७ निघालं. घट पाव क्विंटलची! विमा रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर हातात येतात १,९२३ रुपये. माझं रान नदीकडंला, माझं उत्पन्न शून्य, मला १,९२३. माळावरच्या पाव्हण्याला दहा क्विंटल झालं, त्याला बी १,९२३. आता तुमच्या त्या अँड्र्यूच्या आधीच्या कंपन्या अन् हे ह्यात फरक काय? मागची थोडी वर्षं बगायची अन् त्याच्यावर पुढचं ठरवायचं. दुष्काळाची चार-पाच वर्षं लागोपाठ आली की उंबरठाच खाली बसतो, मग कितीबी बुडलं तरी उंबऱ्याच्या वरच.

आदी निदान स्वतःच्या रानाची तक्रार ७२ तासात करायची सोय होती, ॲपवर फोटो टाकायचा, रेंज नसायची ती गोष्ट वेगळी. २०२५ च्या खरीपाला राज्यानं ती काढली, उरला फक्त कापणी प्रयोग. अन् नेमका त्याच साली हा पाऊस.

---

गणितवाली_बाई

@बनीम, दादा तुमचं गणित तपासलं, बरोबर आहे. तुम्ही जे सांगताय त्याला बेसिस रिस्क म्हणतात, मोजमाप एकीकडं आणि नुकसान दुसरीकडं. जगभर हेच दुखणं आहे. जमैका देशानं वादळासाठी १५ कोटी डॉलरचा कॅट बाँड (ठरलेली आपत्ती आली की पैसे देणारा रोखा) घेतला होता, त्यात अट अशी की वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला पाहिजे. जुलै २०२४ ला बेरिल वादळानं नासधूस केली, दाब तेवढा उतरला नाही, छदाम मिळाला नाही. ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा आलं, दाब उतरला, पूर्ण रक्कम मिळाली. आपल्याकडं मंडळात २४ तासात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. ६४ झाला तर?

---

प्रश्नचिन्ह

सगळं ठीक, पण शेवटी मॉडेल कुणाच्या पोटासाठी? कंपनीच्या. धोका कमी दिसला तर पॉलिसी विका, जास्त दिसला तर पळा. बीडला २०२० ला हेच झालं ना, कुठली कंपनी पीकविम्याचं टेंडर भरायला तयार नव्हती. म्हणून तर तो बीड पॅटर्न आला.

---

बनीम_झाकणारा

@प्रश्नचिन्ह, बीड पॅटर्न म्हंजे ८०-११०. नुकसानभरपाई प्रीमियमच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचं सरकार भरणार, अन् ८० च्या खाली राहिली तर कंपनीनं वीस टक्के ठिवून बाकी सरकारला परत द्यायचं. कंपनीला बी दावं, सरकारला बी दावं. आयडिया वाईट नव्हती. पर उंबरठा तोच हाय की.

---

तेरणाकाठचा

@प्रश्नचिन्ह, पोटासाठीच आहे, माझ्याही. पण कंपनी पळाली म्हणून नुकसान व्हायचं थांबत नाही, मग ते सरकार भरतं. २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. तो हिशोब पाऊस पडून गेल्यावर तलाठ्यांनी चिखलात फिरून पंचनामे करून जुळवला. तोच अर्धा आधी केला असता तर पुढं पैसे कुठं ठेवायचे ते तरी कळलं असतं, असं माझं मत, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

---

एमएसईबी_गेली

मॉडेलला काय कळणार नाही या प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्या ओढ्यावर नळ्यांचा पूल आहे, सहा नळ्या. त्यातल्या चार दरवर्षी उसाच्या पाचटानं आणि जलपर्णीनं बुजतात. सप्टेंबरात पाणी पुलाला थटलं आणि मागं फिरून दलित वस्ती आणि मराठी शाळेत गेलं. नदीला पूर नव्हताच म्हणे तेव्हा, नदी दोन दिवसांनी भरली. पुलाच्या अलीकडं पाच फूट पाणी, पलीकडं चिखल पण नाही. नळ्या साफ करायला ग्रामपंचायतीत ठराव झालेला, जेसीबीचं डिझेल कुणी टाकायचं यावर अडलं.

---

तेरणाकाठचा

हेच! आम्ही वापरतो त्या जमिनीच्या उंचीच्या नकाशात एक चौकोन तीस मीटरचा असतो. त्यात तुमच्या नळ्या सोडा, पूलही दिसत नाही, उंची दोन-चार मीटर इकडं तिकडं असू शकते. आपल्या सपाट काळ्या रानात दोन मीटर म्हणजे अख्खं गाव. शिवाय धरण. जायकवाडीतून सप्टेंबर अखेरीला तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, खाली गोदाकाठी कुणाच्या दारात किती चढणार हे पावसावर कमी आणि दरवाजे कधी, किती उघडले यावर जास्त. माणसाचा निर्णय मॉडेलमधे बसवणं फार अवघड.

---

गुरगुर

हिंगोलीकडचा आहे. आमच्याकडं जमिनीतनं आवाज येतात, पांगरा शिंदेचं नाव पेपरात वाचलं असेल. २१ मार्च २०२४ ला ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला परत ४.५ चा. भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या. शाळेत पोरांना टेबलाखाली बसायचं शिकवलं. घरी टेबल नाही.

आता पोरं आवाज आला तर मोबाईल काढतात व्हिडिओसाठी. @५३ यांनी लिहिलं ते अंगणात झोपून परत आत गेल्याचं, ते वाचून पोटात गोळा आला बघा.

---

सिव्हिल_काका

@गुरगुर, भेग कुठं गेलीय ते बघा. कोपऱ्यात उभी असेल तर दोन भिंती एकमेकींना धरून नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी असेल तर वेगळं. गवंड्याला सांगून दरवाजाच्या वरच्या पातळीवर घराला चारी बाजूंनी आरसीसी पट्टा मारून घेता येतो, आणि भिंतीत जागोजागी भोक पाडून, लोखंडी आकडा टाकून काँक्रीट भरलं की दोन्ही थर शिवले जातात. किल्लारीनंतर दुरुस्तीत हेच शिकवलं होतं. छतावरची माती आधी उतरवा, त्याला खोरं-पाटी सोडून खर्च नाही.

---

५३_वं_गाव

धागाकर्ते, तुमच्या फाईलमधे आमची ओळ असेल तर भरून घ्या. भिंत : दगड, चिखलात, सव्वादोन फूट, आत्ता टेप लावून मोजली. मागची भिंत ९४ साली नवी, विटेची, सिमेंटात. मजला : एक. साल : आज्यानं बांधलं, सोपा तोच, बाकी दुरुस्तीत. ओढा : दीडशे पावलं, घर त्याच्यापेक्षा पुरुषभर उंच. छत : पुढं माळवद, मागं पत्रा.

---

तेरणाकाठचा

@५३, अजून माळवद? तुमच्याकडं? काकांनी वर लिहिलंय तरी उतरवलं नाही?

---

५३_वं_गाव

दोनदा माणसं लावली होती. आई उतरवू देत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मेत बसवत नाही, ४२-४३ जातं, ती दुपारची सोप्यातच पडते. म्हणते भूकंप एकदा आला, ऊन दरवर्षी येतं.

तिच्याकडं पण मॉडेल आहे म्हणा की. खाट तेवढी दाराजवळ सरकवून घेतली आहे मी.